कबरीवरचा पुसलेला शब्द

आमच्या गुणगौरव समारंभातले भाषण ठरलेले असते. इब्ने सिना, अल ख्वारिज्मी, इब्नुल हैसम ही नावे घ्यायची आणि टाळ्या घ्यायच्या. विसाव्या शतकातले नाव हवे असले की अब्दुस सलाम. आम्हीही ते घेत आलो. मात्र घेताना जीभ किंचित अडखळते.

निसर्गात चार मूलभूत बले मानतात. त्यातले विद्युतचुंबकीय बल दिवा पेटवते, तर क्षीण बलामुळे अणुकेंद्रातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. एकाचा पल्ला अमर्याद, दुसऱ्याचा अणुकेंद्राहूनही लहान. ही दोन्ही एकाच बलाची रूपे आहेत, या सिद्धांतासाठी १९७९ मध्ये ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना नोबेल मिळाले. फरक पडतो तो बल वाहून नेणाऱ्या कणांच्या वजनामुळे. प्रकाशाच्या कणाला वस्तुमान नाही; क्षीण बलाचे डब्ल्यू आणि झेड हे कण प्रोटॉनच्या सुमारे ८६ आणि ९७ पट जड. १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते सापडलेही.

वाइनबर्ग नास्तिक, सलाम नमाजी. दोघे स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचले. या फरकाने कामात काही बदलले नाही, असे सलाम यांनीच लिहून ठेवले आहे. फार तर एकत्वाची ओढ त्यांना नकळत श्रद्धेतून मिळाली असेल, एवढेच. मग ‘मुस्लिम शास्त्रज्ञ’ या विशेषणाचा आमचा हट्ट कशासाठी? समीकरणाला त्याची गरज नाही. गरज आहे ती मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या मुलीला. आपल्यासारखे नाव असलेला माणूस तिथवर गेला, हे तिला कळायला हवे. ही गरज आम्ही खोटी मानत नाही.

पण सलाम अहमदिया होते. १९७४ मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवले, तेव्हा त्यांनी सरकारचे सल्लागारपद सोडले. १९९६ मध्ये ते वारले, रबवाहला दफन झाले. कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असे इंग्रजीत कोरले होते. त्यातला ‘मुस्लिम’ शब्द पुसण्यात आला. आता ते नुसतेच पहिले नोबेल विजेते उरले, जणू त्यांच्याआधी जगात कोणाला नोबेल मिळालेच नव्हते!

हा दगड तिकडचा, म्हणून आम्ही सुटलो का? भाषणात तो आपला, आणि मंडपाबाहेर चहा पिताना ‘तो कसला मुसलमान?’ हे आम्ही ऐकले आहे, ऐकून गप्प बसलो आहोत. माणूस स्वतःला जे म्हणवतो ते नाकारायचे आणि त्याचे पदक तेवढे मिरवायचे, हा व्यवहार आम्हाला हलाल वाटत नाही. यंदाही भाषणाचे बोलावणे आहे. सलाम यांचे नाव घेऊ, आणि त्या दगडाची हकिकतही तिथेच, माइकवर सांगू. टाळ्या कमी पडतील.