संगतीचा दाखला

आपल्या विधानांत परस्परविरोध नाही, एवढ्यावरून ती सत्य ठरतात काय, हा प्रश्न आपल्याकडे नैयायिक आणि मीमांसक यांनी प्रामाण्याच्या वादात शतकानुशतके लढविला. परंतु त्याचे अत्यंत काटेकोर रूप पाहावयाचे असेल, तर बाष्प आणि द्रव यांचा समतोल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत जावे. तेथे मद्यार्क व पाणी यांचे मिश्रण काचपात्रात उकळत असते, निघालेली वाफ निवून पुनःपुन्हा त्याच पात्रात परतत असते, आणि तापमान स्थिरावले की द्रवाचा एक व निवलेल्या वाफेचा एक असे दोन नमुने काढले जातात. मिश्रणात पाणी अधिक असून पात्राचा माथा जरा थंड राहिला, तर वाफेतील पाण्याचा काही अंश तेथेच निवून खाली ओघळतो आणि नमुन्यात मद्यार्क वाजवीपेक्षा अधिक भरतो; उकळी जोराची असली, तर द्रवाचे तुषार वाफेबरोबर वाहून नेमका उलटा दोष उत्पन्न करतात. वहीत मात्र दोन्ही आकडे सारख्याच स्वच्छ अक्षरांत उतरतात.

ही मोजणी तपासता येते, ती एका जादा पुराव्यामुळे. तापमान कायम ठेवून द्रवाचे संघटन व दाब एवढेच मोजीत गेले, तरी बाष्पाचे संघटन गिब्ज-ड्युएम समीकरणावरून गणिताने काढता येते. म्हणून जो ते स्वतंत्रपणे मोजतोही, तो आपल्याविरुद्ध जबानी देऊ शकेल असा साक्षीदार आपण होऊन हजर करतो. न मोजणाऱ्याचे आकडे विसंगत ठरत नाहीत, कारण त्यांना खोडून काढील असे त्याने काही शिल्लकच ठेवलेले नसते. अशा निर्विरोध संगतीला मी फारशी किंमत देत नाही, मग ती आकड्यांची असो वा एखाद्या धर्ममताची.

१९४७ साली हेरिंग्टन यांनी आणि १९४८ साली रेडलिक व किस्टर यांनी मांडलेली क्षेत्रफळाची कसोटी प्रसिद्धच आहे: दोन घटकांच्या सक्रियता-गुणांकांचे गुणोत्तर घेऊन त्याच्या लॉगरिथमचा आलेख काढला, तर स्थिर तापमानास अक्षाच्या वरचे व खालचे क्षेत्रफळ समान भरले पाहिजे. कसोटी देखणी आहे. पण एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाच्या उलट चुकीने फिटून जाते, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की गुणोत्तर घेताना एकूण दाब अंशातून व छेदातून उडून जातो, म्हणजे जी राशी अत्यंत नेमकेपणाने मोजता येते तिचीच साक्ष होत नाही. १९७३ साली व्हॅन नेस व त्यांचे सहकारी यांनी दाबावरून काढलेले बाष्पाचे संघटन मोजलेल्याशी बिंदूगणिक ताडून पाहण्याची रीत मांडली, ती मला अधिक प्रामाणिक वाटते.

मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते. त्याचे अप्रामाण्य मात्र बाधक प्रत्ययाने अथवा कारणदोष कळल्याने सिद्ध होते. कसोटीत न उतरणे हा बाधक प्रत्यय, पात्राचा थंड माथा सापडणे हे कारणदोषाचे ज्ञान. पहिले झाले म्हणून दुसरे झाले असे नव्हे. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे रेणू वाफेतही जोडीने राहतात, आणि हे ध्यानी न घेता वाफ आदर्श वायू मानून हिशेब केला, तर निर्दोष मोजणीवर कसूर शाबीत होते. कोणतेही गृहीतक एकटे कसोटीला लागत नाही, गृहीतकांचा अवघा समूह लागतो, असे १९०६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादणारे श्रद्धावान कॅथलिक पिएर ड्युएम आणि त्या समीकरणातले ड्युएम हे एकच.

कसोटीला उतरलेल्या आकड्यांपाशी मीमांसक बाधक नाही म्हणून थांबेल. नैयायिक मात्र प्रवृत्तीचे साफल्य मागेल, म्हणजे त्यांवर आखलेला ऊर्ध्वपातनाचा मनोरा अपेक्षित शुद्धतेचा माल देतो काय, हे विचारील. माझा कौल नैयायिकाला आहे. परंतु विरल टोकाचे अडचणीचे बिंदू गुपचूप गाळून क्षेत्रफळ जुळविणारा मनुष्य दोघांच्याही पंक्तीला बसू शकत नाही; त्याने साक्षीदार पढवून आणलेला असतो. म्हणून मोजलेले मूळ आकडे, गाळलेल्या बिंदूंसह, निष्कर्षाशेजारी छापले जावेत असा माझा आग्रह आहे. उद्या वाफेविषयीचे गृहीतक सुधारले, तर फेटाळलेल्या मोजणीची फेरतपासणी त्यांवाचून होणार नाही.