तीच गाणी पुन्हा विकावीत का?

१९६७ च्या फेब्रुवारीत बीटल्स या इंग्रज चौकडीने एक छोटी तबकडी काढली. एका बाजूस ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’, दुसऱ्या बाजूस ‘पेनी लेन’. दोन्ही लिव्हरपूलमधल्या लहानपणाची. मेअखेर ‘सार्जंट पेपर’ ही मोठी तबकडी आली. तीत १३ गाणी होती; ही दोन मात्र नव्हती. रसिकांचा वाद अजून चालूच आहे. ही दोन आत घ्यायची, मग बाहेर कोणती काढायची, यावरून जिवलग मित्रसुद्धा हमरीतुमरीवर येतात. खुद्द निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पुढे म्हटले, की ही आपली मोठी चूक झाली.

मला मात्र त्या चुकीविषयी आदर वाटतो. छोटी तबकडी घेतलेल्याला तीच गाणी शक्यतो पुन्हा विकू नयेत, अशी तिकडे रीत होती. आम्ही कादंबरीकार दिवाळी अंकात आलेले प्रकरण पुस्तकात बिनदिक्कत घालतो. गाळले तर पुस्तक लंगडे होईल म्हणतो, आणि ते खरेही असते! मग कलाकृतीचे पूर्णत्व मोठे, की खाऊचे पैसे साठवून तबकडी घेणारे पोर? वाद घालणाऱ्यांना त्या पोराची आठवण क्वचितच होते. अमेरिकेत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ही दोन्ही गाणी एका मोठ्या तबकडीवर आली. छोटी जवळ असलेल्याने पैसे दोनदा मोजले.

तरी ‘सार्जंट पेपर’ ऐकताना मलाही ती दोन हवीशी वाटतात. त्यांच्याबरोबर लिव्हरपूलचे लहानपण निघून गेले, आणि मागे रंगीत पोशाखातला बँड तेवढा उरला.