गल्लीचे कुत्रे कोणाचे?



सज्जनहो, सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गल्लीत उभे राहून विचारा, "हे कुत्रं कुणाचं हो?" उत्तर ठरलेले. "कुणाचं न्हाई, गल्लीचंच हाय." या उत्तरात मोठा घोटाळा आहे. कुणाचे नाही म्हटले की कोणीच जबाबदार नाही. गल्लीचे म्हटले की सगळेच जबाबदार. दोन्ही गोष्टी आपण एका दमात बोलतो आणि वागताना मात्र पहिलीच तेवढी धरतो. कोणी म्हणेल, बुवा, परमार्थाच्या पानावर कुत्र्याची गोष्ट कशाला? तर आमच्यावरच एक प्रसंग आला, म्हणून. त्यात चूक आमची आहे, तेव्हा ती आधी पदरात घेतो आणि मग पुढे बोलतो.

साताऱ्यात आमच्या गल्लीत एक तांबूस कुत्री होती. पोरे तिला तांबी म्हणत. कोणी भाकरीचा तुकडा टाकी, कोणी हाकलून देई. तिचे चालले होते. एकदा पावसाळ्याच्या तोंडी ती भिंतीकडेच्या दगडांच्या आडोशाला व्याली. चार पिले झाली. शाळेला सुट्टी, पोरांना उद्योग नाही; ती रोज दुपारी पिलांना खडे मारू लागली. तांबी गुरगुरे, मग तिलाही दगड बसे. आम्ही समोरच्या ओट्यावर माळ घेऊन बसलेले होतो. शेजारी आणखी तिघे-चौघे वडीलधारे होते. आम्ही एकदा "ए पोरांनो, असं करू नये रे" एवढे म्हणालो आणि पुन्हा माळ ओढू लागलो. एवढ्याने आपले काम झाले, असे आम्हांस वाटले.

चौथ्या दिवशी सात वर्षांचा एक मुलगा चेंडू आणायला त्या आडोशाकडे गेला. त्याने कधी एक खडाही मारला नव्हता. पण तांबीला ते कसे कळावे? तिने त्याच्या पोटरीचा लचका तोडला. मग काय विचारता! चार दिवस जे ओट्यावरून उठले नव्हते, ते क्षणात काठ्या घेऊन उठले. तांबी लंगडत गल्लीबाहेर गेली ती पुन्हा आली नाही. मुलाला दवाखान्यात नेले, जखम धुतली, इंजेक्शने सुरू झाली. पांडुरंगाची कृपा, मुलगा आज खेळतो आहे. पण त्या संध्याकाळी त्याची आई ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "बुवा, पोरं दगडं मारत हुती, तवा तुमी हितंच बसला हुता न्हवं?" माउलीच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. त्या रात्री हरिपाठ म्हणताना जीभ चालत होती, पण मन ठिकाणावर नव्हते.

आता विचार करू. त्या लेकराला चावले कोण? दात तांबीचे, दगड पोरांचे, हे दिसते. आणि बघत बसलेल्यांचे त्यात काहीच नाही काय?

मन आपल्याला सोडवायला तयारच असते. ते म्हणते, "कुत्री आमची नव्हे, आम्ही पाळली नाही." दुसरे म्हणते, "हे नगरपालिकेचे काम; आम्ही पट्टी भरतो." तिसरे तर परमार्थाचा आव आणून म्हणते, "ज्याचे त्याचे प्रारब्ध, आपण कोण मध्ये पडणार?" ह्या तिसऱ्यापासून फार जपले पाहिजे. आपले दुखले की औषध, आणि दुसऱ्याचे दुखले की प्रारब्ध, हा कोणता वेदान्त? ते जनावर दुःखात पडले हे त्याचे प्रारब्ध असेलही. पण ते तुमच्या डोळ्यांसमोर पडले, त्या अर्थी त्या वेळी तुम्ही काय करता हे तुमचे क्रियमाण झाले. त्याचा जाब त्याला नाही, तुम्हाला द्यायचा आहे.

यावर महाभारतात एक कथा आहे. ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून सविस्तर सांगतो. आदिपर्वाच्या आरंभीच ती येते. परीक्षिताचा पुत्र जनमेजय कुरुक्षेत्री दीर्घ सत्र करीत होता. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे त्याचे तीन भाऊ जवळ होते. तेथे एक कुत्र्याचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. तरी भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. त्याची आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. ती थेट यज्ञमंडपात आली आणि विचारती झाली, माझ्या लेकराचा अपराध काय? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा ती म्हणाली की निरपराध्याला मारलेत, तर न दिसणारे भय तुझ्यावर येईल.

तुझ्यावर म्हणजे कोणावर? येथे नीट पाहा. मारले भावांनी, आणि शापाचे भय आले जनमेजयावर. त्याने हात उचलला नव्हता. पण सत्र त्याचे, मंडप त्याचा आणि त्याच्या देखत, त्याच्या माणसांकडून ते घडले. सरमेने विचारले तेव्हाही तोंडातून शब्द निघाला नाही. आणि हे सारे घडले ते धर्मकृत्य चालू असता! आमच्या हातात माळ होती, जनमेजयापुढे अग्नी होता. फरक तो काय? एक मात्र त्याचे मानले पाहिजे. तो शाप ऐकून खिन्न झाला आणि निवारणासाठी योग्य पुरोहित शोधायला निघाला. चूक कळल्यावर तो उठला, आम्ही मात्र कळूनही बसून राहतो.

हेच महाभारत शेवटी पुन्हा कुत्र्यापाशी येते, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे एक कुत्रे लागले. द्रौपदी पडली, भाऊ पडले, कुत्रे राहिले. इंद्राचा रथ आला, तेव्हा धर्मराजाने कुत्रे टाकून स्वर्गात येण्याचे नाकारले. ते कुत्रे काही त्याने पाळलेले नव्हते. गळ्यात पट्टा नाही, नाव नाही. ते भरवशाने मागे आले, एवढेच नाते. आणि तेवढे नाते धर्मराजाला पुरले. आमच्या मते ह्या प्रश्नाचा सिद्धान्त हाच आहे: मालकी विकत घेतल्याने लागते, पण जबाबदारी दुसऱ्याने भरवसा टाकल्याने लागते. जे जनावर तुमच्या दारी निजते, तुमच्या पोरांना ओळखते, त्याने भरवसा टाकला आहे. तुम्ही तो घेतला की नाही, हे त्याने विचारले नाही.

आपल्याकडे तर श्वानाचा मान जुना आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघापासून त्याने महाराजांना वाचविले असे सांगतात. पालीच्या खंडोबाला आपण जातो, देवासंगे कुत्रा असतो. सांगलीकडे औदुंबरला दत्तदर्शनाला जातो, तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार श्वान उभे असतात आणि ते चार वेद म्हणून आपण हात जोडतो. तसबिरीतल्याला हात जोडायचे आणि दारातल्याला दगड घालायचा, हे कसे जुळावे? गीतेच्या ५ व्या अध्यायात भगवंतांनी समदृष्टी सांगताना हत्ती आणि गाय यांच्याच ओळीत कुत्रा बसविला आहे. तो ओघात आलेला नाही, आपली परीक्षा पाहण्यासाठी घातला आहे.

आता दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे बोलणे अर्धे राहील. भूतदया म्हणजे नुसते भाकरी टाकणे नव्हे. भीती खरी आहे. कुत्र्याच्या लाळेतून पिसाळ रोग होतो. माणसाला होणाऱ्या ह्या रोगात शंभरातील नव्याण्णव वेळा कारण कुत्रा असतो. जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसे त्याने दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारे तिसरा हिस्सा एकट्या आपल्या देशातला आहे. लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ वाचत नाही. पण वेळीच उपाय केला तर हा रोग टळतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी चावा बसलेल्या एका मुलाला प्रथम लस दिली आणि तो वाचला, तेव्हापासून हे ज्ञान माणसाच्या हाती आहे. म्हणून वारीत किंवा घरी कोणाला कुत्रे चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जावे. मिरची, चुना, हळद भरू नये. अंगारा लावायचा तर लावा, पण इंजेक्शन चुकवू नका. देवाने वैद्यालाही बुद्धी दिली आहे.

नामदेवरायांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळविली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नका. आम्हांला वाटते, आजचे ते तूप म्हणजे लस. भाकरी टाकणारे पुष्कळ, वाटी घेऊन मागे धावणारा एखादाच. एका भागातील शंभरापैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळत राहिली, तर त्यांच्यातील रोगाची साखळी तुटते असे जाणते सांगतात. त्यात कुत्र्याचेही कल्याण आणि लेकराचेही.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६० चा कायदा आहे. त्याखालील २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याचे काम नगरपालिका-पंचायतींवर ठेवले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की नसबंदी व लस झालेली कुत्री त्यांच्या जागी सोडावीत, पिसाळलेली वा हल्लेखोर सोडू नयेत, आणि खाऊ घालणे ठरवून दिलेल्या जागीच व्हावे. काम पालिकेचे, हे खरे. पण कोणत्या गल्लीत कोणती कुत्री व्याली, हे पालिकेला कोण सांगणार? बघणाऱ्यानेच सांगायचे. डोळे आपले आणि हात तिचे; डोळ्यांनी मिटून घेतले तर हात काय करतील?

आम्हा वारकऱ्यांचाही यात वाटा आहे. नीरा ओलांडून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम होतात. मुक्काम हलला की उष्ट्या पत्रावळींचे ढीग मागे राहिले, तर त्यावर कुत्री जमतात, भांडतात, आणि भोगावे लागते गावच्या पोरांना. जेथे उकिरडा तेथे कुत्री वाढणारच. पंगत उठली की पत्रावळ उचलणे हीसुद्धा भूतदयाच आहे.

आणि वारीचीच एक गोड गोष्ट. बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ यमगर्णी गाव आहे. तेथले एक काळे कुत्रे, गाव त्याला 'महाराज' म्हणे, २०२४ साली जूनअखेर गावच्या वारकऱ्याबरोबर आषाढीच्या वारीला पायी निघाले. पंढरीत ते गर्दीत चुकले. वारकऱ्याने शोधले, सापडेना. तो घरी परतला. आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो महाराज दारात शेपूट हलवीत उभे! सुमारे २५० किलोमीटरची वाट. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ केली. सर्वांनी देवाचा चमत्कार म्हटले. आम्हीही म्हणतो. पण तो चमत्कार कोणाच्या हातून झाला असेल? वाटेत किती गल्ल्या, किती पार लागले असतील! कोणी पाणी ठेवले असेल, कोणी तुकडा टाकला असेल, आणि पुष्कळांनी नुसता हातातला दगड टाकून दिला असेल. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. तेही बघणारेच होते. पण त्यांच्यामुळे एक जीव घरी पोचला.

मग आपण किती करावे? सारे एकट्याने करावे असे कोणी म्हणत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई सांगलीत शिरली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा नाव घेऊन आलेल्यांनी "हे माणूस कोणाचे" असे विचारले नाही, आणि "सारे शहर मी एकटा कसा काढू" म्हणून ते बसूनही राहिले नाहीत. नावेत मावतील तेवढे काढले, पुन्हा फिरले. ओझे शंभरांत वाटले म्हणजे ते कोणाचेच उरत नाही, हा आपला गैरसमज आहे. पालखीला खांदे बदलतात, पण ज्या क्षणी खांदा आपला, त्या क्षणी भार पुरता आपला.

आमच्या गल्लीत तांबी परत आली नाही. चार पिलांपैकी एक दगावले, तीन राहिली. त्या माउलीच्या शब्दानंतर आम्ही ओट्यावरची मंडळी एकदा बसलो आणि कामे वाटून घेतली. एका घराने पाण्याची कुंडी घेतली, एकाने ठरलेल्या कोपऱ्यात एक वेळ भाकरी. एकजण पालिकेत चार हेलपाटे घालून आला. पिले मोठी झाल्यावर त्यांची नसबंदी झाली, लस टोचली. पोरांना समजावण्याचे काम आम्ही मागून घेतले, कारण चुकलो होतो तेथेच. परवा एका पाहुण्याने विचारले, "ही कुत्री कुणाची हो?" तोच सात वर्षांचा मुलगा, पोटरीवर अजून व्रण आहे, तो चटकन म्हणाला, "आमची हायत."

बंधुभगिनींनो, पंढरीला जाऊन आपण विटेवरच्या डोळ्यांत पाहतो. ते डोळे मिटत नाहीत, सारे बघत असतात. तो नुसता बघत असता तर आपले काय झाले असते? त्याने पाहिले आणि आपल्यासाठी उभा राहिला. आपणही पाहिले की उभे राहावे, एवढीच त्या पांडुरंगाच्या चरणी मागणी.

रामकृष्णहरि.