किल्ली कुणाकडे?

विरार पूर्वेला बस पकडायची. महामार्ग ओलांडला की हळूहळू शहर संपतं. टॉवर मागे पडतात, भातशेती लागते, आणि दिवाळीनंतर गेलात तर वीटभट्ट्यांचा धूर दिसतो. नकाशावर हा सगळा वसई तालुकाच. लोकलच्या गर्दीत रोज चिरडून घेणारे आम्ही आणि भट्टीवर विटा थापणारी माणसं, एकाच तालुक्याचे रहिवासी.

तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेला आम्ही मित्रांनी मिळून आठ कॉम्प्युटर दिले होते. गोरेगावच्या एका ऑफिसात नवी मशीन्स आली, जुनी आम्ही मागून घेतली, टेम्पो केला, खोलीत टेबलं लावली. नारळ फुटला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, फोटो निघाले. संध्याकाळी तो फोटो मी टाकला आणि त्याला किती लाइक्स आले हे दोन दिवस मोजत होतो, हेही सांगून टाकतो.

वर्षभरानं सहज म्हणून गेलो. खोलीला कुलूप. मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला गेलेले आणि किल्ली त्यांच्याकडे. खिडकीतून पाहिलं तर आठही मशीन्सवर फुलाफुलांच्या कापडाची कव्हरं. शेजारी एक मुलगी येऊन उभी राहिली, सहावीतली असेल.

"दादा, तो मॉनिटर. खाली आहे तो सीपीयू. आणि तो यूपीएस."

"अरे वा! तुला सगळं माहितीये की."

"शनिवारी आम्हीच पुसतो ना."

"आणि चालू कधी करता?"

ती हसली आणि पळून गेली.

मला सरांचा भयंकर राग आला. ते आल्यावर तो मी लपवलाही नाही. सरांनी काही न बोलता कपाटातून एक जाड वही काढली. डेडस्टॉक रजिस्टर. शाळेत येणारी प्रत्येक टिकाऊ वस्तू, खुर्चीपासून घंटेपर्यंत, या वहीत चढते. आपले आठ कॉम्प्युटरही तिथे ओळीनं लिहिलेले होते. "तुम्ही देऊन गेलात," सर म्हणाले, "पण मोडलं तर उत्तर मला द्यायचंय. शिवाय वीजबिल. बॅटरी गेली तेव्हा तुम्हाला फोन केला होता मी."

केला होता. "बघतो सर," असं मी म्हणालो होतो. आणि बघितलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ते कॉम्प्युटर नक्की कुणाचे होते? आमचे नव्हते, आम्ही दिले होते. सरांचे नव्हते, त्यांच्यावर फक्त जबाबदारी होती. मुलांचे तर नव्हतेच, त्यांना पुसण्याचा तेवढा अधिकार. आठ वस्तू एका खोलीत वर्षभर होत्या आणि त्यांना कुणी मालकच नव्हता.

आपल्याकडे शाळेला देण्याची परंपरा मोठी आहे. कुठल्याही गावच्या शाळेत मान वर करून पाहा, पंख्याच्या पात्यावर 'सप्रेम भेट' आणि खाली देणाऱ्याचं नाव असतं. कपाटावर असतं, पाण्याच्या टाकीवर असतं. सरकारी भाषेत याला 'लोकसहभाग' म्हणतात. पण पंखा भिंतीवरचं बटण दाबलं की फिरतो. त्याला शिकवावं लागत नाही, अपडेट लागत नाही, कोणी शेजारी बसावं लागत नाही. कॉम्प्युटरला हे सगळं लागतं. आम्ही कॉम्प्युटर दिला, पण दिला पंख्यासारखा.

ही चूक आमच्यापुरती नाही. जगातल्या फार हुशार माणसांनी ती फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. निकोलस निग्रोपाँटी यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत झाला. वीसेक मुलांच्या हातात हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. तीच मोहीम पेरू देशात लाखो लॅपटॉप घेऊन गेली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या हातात यंत्रं भरपूर आली होती, पण गणित आणि भाषेच्या चाचणीत फरक पडला नव्हता. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि या यंत्रानं रोजचा वर्ग कसा घ्यायचा यासाठी शिक्षकाला मिळालेली मदतही तोकडी होती.

याच्या उलट उदाहरणं आपल्या अगदी जवळ आहेत. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला, त्याआधी आपला जिल्हा ठाणेच होता. त्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या जिल्हा परिषद शिक्षकानं गावकऱ्यांच्या साथीनं डिजिटल शाळा उभी केली. राज्यभरातले शिक्षक ती पाहायला गेले. धुळ्याचे हर्षल विभांडिक अमेरिकेत बँकिंगमधली नोकरी करत होते. ते गावी येऊन गावोगाव सभा घेऊ लागले. त्यांची अट साधी होती : खर्चाचा काही वाटा गावानं उचलायचा. बघता बघता जिल्ह्यातल्या शेकडो शाळांत स्क्रीन लागले.

गावाच्या वर्गणीनं काय बदलतं? पैसे तर एखादी कंपनीही देऊ शकते. माझ्या मते बदलतो तो विचारण्याचा अधिकार. ज्यानं शंभर रुपये दिले, तो बाप संध्याकाळी मुलाला विचारतो, "आज लावला का रे?" बंद खोलीसमोर उभं राहून तो किल्ली मागू शकतो. आमच्या शाळेत किल्ली मागणारं कुणी नव्हतं, कारण फुकट आलेल्या वस्तूचा हिशेब मागायचा नसतो, अशीच आपली समजूत आहे.

पण इथेच मी अडखळतो. ज्या शाळेबद्दल मी बोलतोय तिथली बरीच मुलं वीटभट्टी मजुरांची. हंगाम लागला की कुटुंबाबरोबर भट्टीवर, पावसाळ्यात पुन्हा घरी. अनेकांचे आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन, ती फेडण्यासाठी काम करतात. त्या बापाला मी सांगू, की तुझ्या मुलाच्या कॉम्प्युटरसाठी वर्गणी काढ? म्हणजे तुला आपलेपणा वाटेल? वसई पश्चिमेच्या एखाद्या शाळेत वर्गणीतून अख्खी लॅब उभी राहील आणि पूर्वेच्या पाड्यावर एक माऊससुद्धा येणार नाही. लोकसहभागावर सगळं सोडलं, तर ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं.

दुसरी अडचण याहून अवघड. आपण देत गेलो की सरकार सुटतं. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. शाळेत काय असलंच पाहिजे याची यादी त्याला जोडलेली आहे : वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, खेळाचं साहित्य. त्या यादीत कॉम्प्युटर नाही. केंद्र सरकारच्याच यूडायस प्लसच्या २०२३-२४च्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत चालू कॉम्प्युटर होते आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट. उरलेल्या शाळांतल्या मुलांचं काय? २०१९च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयानं हॉस्टेलमधल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. हक्क असेल, तर तो कुणाच्या सप्रेम भेटीवर कसा अवलंबून राहील?

आपल्या शहरात तर हा घोळ आणखी वाढला. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, पण शहरातल्या सरकारी मराठी शाळा पुढे बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. कर एकीकडे, शाळा दुसरीकडे. नळ बिघडला तर कुठे जायचं हेच पालकांना कळत नसे, तिथे वायफायची काय कथा.

मग काय, देणं थांबवायचं? मलाही काही दिवस तसं वाटलं. पण थांबवलं की त्या मुलीचं सहावीचं वर्ष निघून जातं. हक्काची लढाई दहा वर्षं चालेल, तिची शाळा तेवढी चालणार नाही. तिला "थांब, आधी धोरण बदलू दे" असं सांगण्याचा अधिकार मला नाही.

या पेचात मला दोन जुन्या गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांच्या कामाला गावोगावच्या घरांतून 'मुष्टिफंड' मिळे. दळायला बसताना बाईनं एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं. एक मूठ गरिबालाही जड नाही, आणि श्रीमंताला एकदाच पोतं टाकून मोकळं होता येत नाही. आम्ही पोतं टाकून आलो होतो. पाहिजे होती ती रोजची मूठ.

दुसरी गोष्ट आपल्याच भागातली. वीटभट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच्या मुलांसाठी 'भोंगा शाळा' चालवल्या. मूल शाळेपर्यंत येत नाही ना, मग शाळा भट्टीवर गेली. तिथे इमारत नव्हती, यंत्र नव्हतं. रोज येणारा एक माणूस होता.

या दोन्हींतून मला जे वाटतं ते असं. वस्तू, वीज आणि इंटरनेट हे मुलाचं येणं आहे आणि ते सरकारनंच द्यायला हवं. आपण दिलं तर ते उसनं समजावं आणि मागणी सोडू नये. कायद्यानं तसा रस्ताही ठेवला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात, ठराव तिथे करता येतो. पण यंत्राशेजारी बसणारं माणूस कुठलाही जीआर काढून येत नाही. ते आपलं देणं. आणि गरीब पालकाचा वाटा पैशात मोजायचाच कशाला? खोली कधी उघडायची, कुणी उघडायची हे तो ठरवू लागला, की तो मालक झालाच.

तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचताय. त्या मुलीच्या घरीही एखादा फोन असतो, बापाच्या खिशात. रात्री तासभर हातात आला तर ती रील्स बघते, मी तिच्या वयात टीव्ही बघायचो तसा. इंटरनेट तिच्यापर्यंत पोचलंय, पण फक्त बघण्यासाठी. शाळेतल्या कॉम्प्युटरनं तिला काही करता यावं एवढीच अपेक्षा आहे. वसईत विद्यावर्धिनी आहे, विरारला विवा आहे, कॉम्प्युटर शिकणारी हजारो मुलं इथे राहतात. महिन्यातले दोन शनिवार ही काही मोठी मूठ नाही.

आम्ही परत गेलो. या वेळी नारळ नेला नाही, पालकांबरोबर बसलो. तीन तास वाद झाला. मजुरीवरून आलेल्या एका आईनं विचारलं, "पोरीनं मोडलं तर पैसे आम्हाला भरायला लावाल का?" एवढे दिवस सगळ्यांना वाटणारी भीती तिनं बोलून दाखवली. नाही, असं ठरलं आणि ते सरांनी समितीच्या ठरावात लिहून घेतलं. बॅटरी आम्ही आणली. वीजबिलासाठी समितीचं पत्र गेलंय, उत्तर यायचंय. त्यासाठी आम्ही दर महिन्याला विचारायला जातो. एक किल्ली सरांकडे असते, दुसरी शाळेजवळ राहणाऱ्या त्याच आईकडे.

आठपैकी पाच मशीन्स चालू झाली, तीन गेलीच होती. मुलं सध्या आपल्या आज्यांकडून वारली शब्द गोळा करून टाइप करतायत. त्यातले निम्मे मला ठाऊक नव्हते.

गेल्या महिन्यात एक माऊस मोडला. सरांनी मला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांनी त्यापुढे लिहिलं : 'वापरामुळे निकामी'.