परकी फाइल सिस्टम आणि प्रामाण्याचा प्रश्न

झालेले ज्ञान प्रमाण आहे, म्हणजे वस्तू जशी आहे तशीच ते दाखवते, हे कशावरून ठरवावे, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, आणि त्याला खोटे ठरवणारे बाधक ज्ञान पुढे आले किंवा ज्या साधनाने ते झाले त्यात दोष आढळला, तरच त्यावरचा विश्वास काढून घ्यावा लागतो. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे पाणी दिसले म्हणून गेलेल्या माणसाची तहान प्रत्यक्ष भागली की त्या सफल प्रवृत्तीवरून आधीचे ज्ञान खरे होते असे अनुमान होते.

लिनक्स चालणाऱ्या संगणकावर विंडोजची डिस्क जोडताना हाच प्रश्न उभा राहतो. फाइल सिस्टम म्हणजे डिस्कवरच्या बाइटांतून फाइली व त्यांच्या नोंदी कशा लावायच्या याची व्यवस्था. विंडोजची एनटीएफएस ही व्यवस्था १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. ती माउंट करणे, म्हणजे लिनक्सच्या एकसंध फोल्डर-रचनेत एका जागी जोडणे, पूर्वी मुख्यतः एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरने होई, आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.१५ या आवृत्तीत एनटीएफएस३ हा ड्रायव्हरही समाविष्ट झाला. ड्रायव्हरच नसणे किंवा विभागाचे नाव चुकणे या अडचणी कर्नलची नोंदवही वाचली की सुटतात. विचार करायला लावणारी अडचण वेगळी आहे: डिस्क ओळखली जाते, फाइली दिसतात, पण लिहू दिले जात नाही.

याचे कारण बहुधा विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमध्ये असते. त्यात शटडाउन केल्यावरही विंडोजच्या कर्नलची स्मृती एका फाइलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तशीच परत आणली जाते. त्या स्मृतीत डिस्कच्या रचनेविषयीची विंडोजची समजूतही असते. मधल्या काळात लिनक्सने काही लिहिले, तर परतलेले विंडोज जुन्या समजुतीवर काम करते आणि रचना बिघडते. म्हणून डिस्कवर अर्धवट अवस्थेची खूण आढळताच ड्रायव्हर लिहिण्यास नकार देतो. मीमांसकांच्या भाषेत हे दोषज्ञान होय, आणि ते झाल्यावर विश्वास आवरणे हा ड्रायव्हरचा अडेलपणा नव्हे, तर योग्य प्रमाणव्यवहार आहे.

येथे नैयायिकांचा निकष तसाच लावता येत नाही, कारण लिहून पाहणे हीच परीक्षा मानली तर परीक्षेतच वस्तू नष्ट होण्याची भीती आहे. न्यायग्रंथांचे टीकाकार वाचस्पति मिश्र यांनी या अडचणीचा विचार केलेला आहे: ज्याचे फळ लगेच दिसते आणि चुकल्यास हानी थोडी होते अशा व्यवहारात संशय असतानाही प्रवृत्त होता येते, परंतु मोठा खर्च व श्रम लागणाऱ्या आणि फळ न दिसणाऱ्या यज्ञासारख्या कर्मात प्रामाण्याचा निश्चय आधीच व्हावा लागतो. वाचणे पहिल्या प्रकारचे आहे, लिहिणे दुसऱ्या. फक्त वाचण्यापुरते माउंट करण्याचा मध्यम मार्ग त्यामुळे केवळ तडजोड ठरत नाही. पुराव्याची कसोटी कृतीच्या परिणामांनुसार कडक व्हावी, या विचाराचे ते शुद्ध रूप आहे.

यावरून रूढ उपायांची पारख करता येते. ड्रायव्हरला बळेच लिहायला लावणारा पर्याय दोष तसाच ठेवून त्याकडे डोळेझाक करतो, आणि साठवलेली स्मृती पुसणारा पर्याय त्यात जतन न झालेले काम असल्यास तेही पुसतो. त्यामुळे विंडोज सुरू करून फास्ट स्टार्टअप बंद करावे, पूर्ण शटडाउन करावा आणि मगच लिनक्सवर लिहिण्याच्या अधिकारासह माउंट करावे. विंडोज सुरूच होत नसेल, तर वाचण्यापुरते माउंट करून महत्त्वाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.