चार फुटी की सहा फुटी?

घर घ्यायचं झालं की लोक बँकेतल्या माणसाचा सल्ला विचारतात. कर्जाच्या अर्जावर शिक्का मारणाऱ्याला चटईक्षेत्र, उजेड, शेजार आणि सुख या सगळ्यांतलंच कळत असणार, अशी एक समजूत आहे. ती मोडण्याचा मी कधी प्रयत्न केला नाही, चहा मिळतो. पण सापाच्या घराविषयी सल्ला विचारणारा आमचा इंग्लंडातला भाचा हा पहिलाच. त्याच्या दहा वर्षांच्या लेकीला साप पाळायचा आहे. तिकडे ते चालतं. "मामा, चार फुटी घेऊ की सहा फुटी?" त्यानं फोनवर विचारलं. मी म्हटलं, "जितका लहान तितका बरा." तेव्हा कळलं की प्रश्न सापाचा नव्हता, पिंजऱ्याचा होता.

हा साप म्हणजे कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, पूर्ण वाढला की चार ते पाच फूट. आहार उंदरांचा, म्हणजे आपल्या धामणीचा दूरचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. (आपली धामण मात्र घरात ठेवता येत नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.) नीट सांभाळला तर हा पंधरा-वीस वर्षं जगतो. वीस वर्षं! म्हणजे मुदत थेट गृहकर्जाची. तेव्हा विषय आपल्याच खात्यातला निघाला, म्हणून मी लक्ष घातलं.

सापाच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. ऊब बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पिंजऱ्याचं एक टोक तिसेक अंशांपर्यंत गरम आणि दुसरं बावीस-चोवीस अंशांवर थंड ठेवायचं. जेवण झालं की स्वारी उबेला जाते, पचलं की गारव्याला येते. दोन्ही टोकांना अंग चेपून बसता येईल अशी एकेक लपायची जागा हवी. एकच ठेवली तर बिचाऱ्याला ऊब की आडोसा यांतलं एकच मिळतं. पाण्याचं भांडं हवं, उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट हवा, आणि झाकणाला पक्की कडी हवी, कारण पळून जाण्यात या जातीनं नाव काढलं आहे.

इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद आहे तो लांबीचा. साप पैदाशीचा धंदा करणारे कित्येकजण त्यांना प्लॅस्टिकच्या खणांत ठेवतात. एकावर एक खण, प्रत्येकात एक साप. आमच्या लॉकररूमची आठवण यावी. त्यांचं म्हणणं असं की सापाला अडचणच आवडते. मोठ्या जागेत तो बावरतो, खाणं सोडतो. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण मला थंडीत डोक्यावरून गोधडी घेऊन झोपायला आवडतं, म्हणून कुणी ती चारी बाजूंनी शिवून टाकली तर मी त्याचे आभार मानणार नाही. साप घाबरतो तो मोठ्या जागेला नव्हे, उघड्याबोडक्या जागेला. तिच्यात पालापाचोळा, साल, फांद्या भरा. मग तोच साप रात्री फिरतो, चढतो आणि मनात आलं तर सरळ लांब होऊन पडतो.

"पण त्याची काही तक्रार नाही ना?" असं यावर विचारतात. आमच्या शाखेतली तक्रारवही कोरी असते. साहेबांच्या मते त्याचा अर्थ, गिऱ्हाइकं संतुष्ट आहेत. वस्तुतः वहीला बांधलेल्या पेनात रिफिल नाही. सापाचं तसंच. त्याला ओरडता येत नाही. पापण्या नसल्यामुळे डोळे मिटून नाराजीसुद्धा दाखवता येत नाही. काचेवर नाक घासत राहणं, झाकण ढकलणं, जेवण नाकारणं, एवढीच त्याची तक्रारवही, आणि ती वाचणं मालकाच्या मर्जीवर.

आमच्याकडे पूर्वी कॅशियरला जाळीच्या पिंजऱ्यात बसवत. त्या पिंजऱ्यात दोन स्टुलं होती, एक पंख्याखाली आणि एक खिडकीपाशी. खिडकीपाशी आमचे कॅशियर बसलेले कधी कुणी पाहिले नाहीत. एका ऑडिटरनं जादा स्टूल हलवायला सांगितलं, तेव्हा हा गरीब स्वभावाचा माणूस एकदम उसळला, "बसत नसेन, पण बसू शकतो ना!"

पिंजऱ्याविषयी याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. इंग्लंडच्या 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यानं पाळीव जिवाच्या पाच गरजा सांगितल्या आहेत. योग्य परिसर, योग्य आहार, दुखण्याखुपण्यापासून रक्षण, इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून दूर राहण्याची सोय (ही सोय आमच्या ऑफिसात नाही), आणि जातीला साजेसं वागण्याची मोकळीक. या शेवटच्या गरजेला मी दुसरं स्टूल म्हणतो. जिथं जिवाला स्वतः ठरवण्यासारखं काही उरतं ते घर. जिथं सगळं दुसऱ्यानं ठरवलं तो लॉकर. म्हणून माझं मत सहा फुटी.

पण इथंच गोष्ट संपत नाही. पुण्यात 1980 साली नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांसह काचेच्या पिंजऱ्यात 72 तास राहिले. उगाच छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचं होतं, आणि ते पटलं. मला मात्र दुसरंच सुचतं. दार अमुक वाजता उघडणार आहे, हे त्या पिंजऱ्यातल्या 73 जिवांपैकी एकालाच ठाऊक होतं. सहा फूट झाले म्हणून हा फरक मिटत नाही. आणि पिंजऱ्यातच जन्मलेल्या कॉर्न स्नेकला इंग्लंडच्या थंडीत सोडून देणं ही दयाही नव्हे. दार उघडता येत नाही, तर ज्याच्या हाती किल्ली तो वीस वर्षांचा कर्जदार. हप्ते फुटांत, अंशांत आणि पाचोळ्यात फेडायचे. थकवले तर नोटीस येणार नाही, म्हणूनच ते वेळेवर भरायचे.

आपण 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून त्याला फुकट्या ठरवतो. असेल फुकट्या, पण ते बीळ त्यानं स्वतः पसंत केलेलं असतं. आपल्या बायाबापड्यांना हे कळत असावं. नागपंचमीला त्या पाटावर गंधानं नाग काढतात, पूजा करतात, आणि त्या दिवशी शेतात नांगर धरू देत नाहीत. न जाणो, कुणाच्या बिळात फाळ जायचा. सापाला घर देण्याचा हा सर्वांत स्वस्त प्रकार. त्याचं आहे ते मोडायचं नाही, बस्स. याला कर्ज लागत नाही, जामीनदार लागत नाही, आणि लांबी किती घ्यावी हे मामाला विचारावं लागत नाही.