नांव कोणाचें, भूमि कोणाची?

राज्यें लयास जातात, भाषा मरतात. परंतु नद्यांचीं नांवें सहसा मरत नाहींत. इंग्लंडांत ‘एव्हन’ नांवाच्या अनेक नद्या आहेत, आणि त्याच शब्दाच्या वेल्श रूपाचा अर्थ केवळ ‘नदी’ एवढाच आहे. मागाहून आलेल्या सॅक्सनांनीं जुन्या ब्रिटनांचें हें सामान्यनाम विशेषनाम म्हणून उचललें. ग्रीसमधील ‘कॉरिंथ’ व ‘पार्नासस’ या नांवांचे अंत्यप्रत्यय ग्रीकपूर्व भाषेंतले असावेत, असें पाउल क्रेच्मर यांनीं १८९६ सालीं प्रतिपादिलें. ‘डॉन’ नदीचें नांव तर आपल्या ऋग्वेदांतील ‘दानु’ शब्दाचें आप्त आहे, हें वाचून वाचकांस कौतुक वाटेल.

परंतु कौतुकापाशीं थांबणें कठीण. ज्याच्या भाषेंतलें नांव त्याची भूमि, असें अनुमान काढण्याचा मोह येथें अनावर होतो. तें अनुमान न्याय्य आहे काय?

प्रथम पुराव्याकडे पाहूं. युरोपांतील अतिप्राचीन नदीनामें हान्स क्राहे यांस इंडो-युरोपीय कुलांतलीं वाटलीं. थिओ फेनेमान यांनीं त्यांतील बरींच बास्क भाषेच्या नष्ट झालेल्या भाईबंदांचीं ठरविलीं. दस्तऐवज कोणत्या भाषेंत आहे याविषयींच जेथें पंडितांत वाद, तेथें त्यावरून जमिनीचा निवाडा कोण करणार?

बरें, पुरावा निर्विवाद असला तरी काय? पूर्व प्रशियाचें उदाहरण घ्या. ‘प्रशियन’ हें मूळ एका बाल्टिक जमातीचें नांव. तेराव्या शतकांत जर्मन ट्यूटॉनिक सरदारांनीं तिला जिंकलें. कालांतरानें तिची भाषा नामशेष झाली. नांव मात्र जेत्यांच्या वंशजांनींच धारण केलें. १९३८ सालीं नाझी सत्तेनें तेथील शेंकडों गांवांचीं परकीं वाटणारीं नांवें बदललीं. ‘पिलकालेन’, म्हणजे लिथुएनियन भाषेंत गढीची टेकडी, याचें ‘श्लोसबेर्ग’ केलें. अर्थ जवळजवळ तोच! प्रांताचें नांव मात्र जितांचेंच राहिलें. पुढें युद्धांत पराभव होऊन तेथील जर्मनांस घरदार सोडावें लागलें, आणि १९४६ पासून तें गांव रशियन ‘दोब्रोवोल्स्क’ झालें.

नांवावरून पूर्वीं कोण नांदलें हें कळतें. आज कोणीं नांदावें, हें कळत नाहीं. तो प्रश्न तेथें राहणाऱ्या जिवंत माणसांच्या सुखदुःखावरूनच सोडविला पाहिजे. प्राचीन नांव आपणांस इतकेंच सांगतें, कीं या पाण्याला आपल्या आधीं कोणी तरी हाक मारली होती. तें ऋण मानावें. त्याचें खरेदीखत करूं नये.